ठिपक्यांची राखण

पिकावर रोग पडावा म्हणून मी देवाला नारळ बोलले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको.

नांदेडच्या एका संशोधन केंद्रात मी कंत्राटी सहायक होते. बीटाच्या पानांवर ठिपके पडतात, मधे राखाडी आणि कडेला जांभळट. आमच्याकडे चौदा वाण होते आणि त्यांतला कोणता वाण या ठिपक्यांना दाद देत नाही, ते मला शोधायचं होतं. त्यासाठी मुळात ठिपके यायला हवेत. पहिल्या वर्षी केंद्राच्याच जमिनीत लागवड केली, पण हवा कोरडी राहिली आणि चौदाच्या चौदा वाण ठणठणीत निघाले. मी खुशीत अहवाल पाठवला. लातूरला बसणारे आमचे साहेब म्हणाले, "सगळेच पास झाले म्हणजे पेपरच झाला नाही." मग चष्मा पुसत त्यांनी सांगितलं, की यंदाही ठिपके आले नाहीत तर चाचणी बंद आणि चाचणीवरचं माणूसही बंद. ते माणूस म्हणजे मी.

दुसऱ्या वर्षी लोह्याच्या पुढे, मुखेडच्या वाटेवर, एका मामांचं रान मिळालं. विहिरीला पाणी होतं, तुषार सिंचनाचे पाइप होते. चौदा वाण चौदा ओळींत लावले आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला नंबराची खुंटी ठोकली. एकच अडचण होती, मामा. ओळीत एक तण दिसलं तरी त्यांना घास गोड लागत नसे. मी रोगट पानांचा वाळका चुरा पोत्यातून काढून बीटावर टाकायला लागले, तेव्हा ते बांधावर उभे राहून बघत होते.

"मॅडम, तुम्ही माझ्या रानात रोग पेरून राहिल्या?"

"हाव मामा."

"मग औषध कधी मारायचं?"

"मारायचंच नाही."

शब्द दिलेला होता म्हणून त्यांनी अडवलं नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पानं ओली राहावीत म्हणून मी संध्याकाळी तुषार चालू ठेवायला सांगायची, ते मात्र इमानदारीने करायचे. करताना तोंड दुसरीकडे फिरवायचे, एवढंच.

तीन आठवड्यांनी कडेच्या ओळीत पहिले ठिपके दिसले. मला इतका आनंद झाला, की लोह्याहून पावशेर पेढे घेऊन आले. मामींनी पेढा हातात धरला आणि माझ्याकडे बघितलं. "रोग पडला म्हणून पेढे? तुमच्या घरी कोणी मोठं माणूस न्हाई का?"

रान रस्त्याला लागून. येणारा-जाणारा गाडी हळू करून सल्ला द्यायचा. औषधाच्या दुकानदाराने तर बाटली घरपोच आणून दिली. मामांची गावात नाचक्की व्हायला लागली. शेवटी त्यांनी पत्र्यावर चुन्याने लिहून बांधावर ठोकलं: 'हा रोग सरकारी आहे. मालकाचा संबंध नाही.' मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. चाळीस वर्षं ज्याच्या रानाची लोकांनी मिसाल द्यावी, त्याने माझ्या नोकरीसाठी असा पत्रा ठोकायचा.

शेवटची पाहणी साहेबांनी स्वतः करायची होती. माझ्या नोंदी चालणार नव्हत्या. पोरगी आपल्याच चाचणीला मार्क देणार, तर ते खरे कोण धरणार? गुरुवार ठरला. बुधवारी मी मामांना फोन करून सांगितलं, "उद्या लातूरचे साहेब रान बघायला येणार आहेत." एवढंच बोलले. त्यात काय चुकलं, हे आमच्याकडच्या कोणत्याही बाईला विचारा.

गुरुवारी साडेआठला मी बसमधून उतरले. बांधावर सडा पडलेला, पुढे रांगोळी. आणि बीटाचं रान लख्ख. एका पानावर ठिपका नाही. मामी आणि शेजारच्या चार बाया हौदावर हात धुत होत्या.

"पानं कुठं गेली?"

"रोगाची समदी तोडली," मामी म्हणाल्या. "पहाटंपासून लागलो. साहेब येणार अन् असलं घाण रान दाखवायचं?"

मग मी मामींना नको ते बोलले. अडाणी म्हणाले. माझं वाटोळं केलंत म्हणाले. तुमच्या असल्या पाहुणचाराला आग लागो, हेही म्हणाले. माझ्या आईपेक्षा मोठी बाई, पहाटेपासून थंडीत वाकलेली, पदराला हात पुसत ऐकत राहिली. आजही ते आठवलं की माझे कान गरम होतात.

माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "फेकली न्हाईत. या इकडं."

रानाच्या त्या टोकाला प्रत्येक ओळीच्या खुंटीपाशी एकेक ढीग होता. "तुम्हीच रोज सांगता ना, ह्या ओळीचं त्या ओळीत जाऊ द्यायचं न्हाई म्हणून? एका बाईनं चुकून मिसळली तर मी तिला परत निवडायला लावली." काही ढीग गुडघ्याएवढे होते. काही टोपलीभर. अकराव्या खुंटीपाशी जेमतेम मूठभर पानं. ठिपक्यांना दाद न देणारा वाण तोच.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. मी सगळं खरं सांगितलं, मामींना काय बोलले तेही. साहेबांनी झाडावर उरलेले देठांचे खुंट मोजले, ढिगातली पानं मोजली. दोन-तीन ओळींचा आकडा असा जुळल्यावर धोतराच्या घडीसारखा नीट दुमडलेला रुमाल काढून त्यांनी घाम पुसला, आणि सरळ मातीत मांडी घातली. दुपारपर्यंत आम्ही सगळे पानं निवडत होतो. मामासुद्धा आले, आणि कोणत्या पानावर ठिपके जास्त यावरून साहेबांशी वाद घालायला लागले.

उठताना साहेबांनी पुढच्या वर्षीच्या कागदावर सही केली. माझ्या हातात देत म्हणाले, "एकच अट. पुढच्या वेळी मी येणार हे इथं कुणाला कळवायचं नाही."

मी मान डोलावली. मग मामींकडे गेले आणि त्यांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्या साहेबांकडेच बघत होत्या.

"न कळवता कसं चालंल साहेब," त्या म्हणाल्या. "पाव्हण्याला काळा चहा पाजायचा का?"