एका ओळीत अख्खी वस्ती

त्याने माझं कार्ड हाताने दिलं नाही. टेबलावर ठेवलं आणि फूटपट्टीने माझ्याकडे ढकललं. ते घसरून खाली पडलं.

"उचल," तो म्हणाला. "आणि दारातच थांब. आत धूळ येते."

ती खोली मी रोज झाडायचे. डेअरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी गार हवेचं मशीन बसवलं आणि तो चालवायला नगरहून हा साहेब आणला. मला चप्पल बाहेर काढावी लागे. तो बूट घालून बसे. टेबलाखाली त्याची पिंकदाणी असे, तंबाखूच्या थुंकीने भरलेली. ती मीच धुवायचे. माझ्या पायाची धूळ मशीनला चालत नव्हती. त्याची थुंकी माझ्या हाताला चालत होती.

मी कार्ड उचललं. वर फोटो. खाली नाव. नावाखाली तो शब्द, आमच्या जुन्या जातीचा.

चौथी शिकले आहे, तेवढं वाचता येतं. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी तो टाकून दिला. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. घोडेगावच्या रस्त्याला आमची वस्ती आहे, तिथल्या आम्ही बायका या डेअरीत दुधाचे कॅन धुतो, झाडलोट करतो. कार्डं करायची म्हणून एकेकीला टेबलापुढे उभं केलं होतं. एकेकीने सांगितलं होतं, बौद्ध. म्हातारी पारूमावशी तर दारातून वळून परत टेबलापाशी गेली होती. "नीट लिवा बरं का बाबा."

आणि आता हा शब्द गळ्यात अडकवून फाटकातून आत यायचं. रोज.

मी फारशी बोलत नाही. मोठे दीर समोर आले तरी माझा आवाज जातो. त्या दिवशी कसा निघाला कोण जाणे.

"साहेब, हे चुकलंय. आमी बौद्ध सांगितलं हुतं."

तो शेजारी बसलेल्या क्लार्ककडे बघून हसला. "घ्या. झाडायला ठेवली, तर धर्म शिकवायला लागली." मग मला म्हणाला, "एकेकीचं वाचत कोण बसणार? पत्त्यात तुमची वस्ती आली की सगळ्यांना तेच, अशी एक ओळ लिहिली. बटण दाबलं. चहा गार व्हायच्या आत अख्खी वस्ती उरकली."

"लई डोकं हाय साहेब तुमाला," क्लार्क म्हणाला.

उरकली. खरकटी भांडी उरकतात तशी.

"मग तशीच अजून एक ओळ लिवा ना साहेब," मी म्हणाले.

"दुरुस्ती अशी होत नसते. एकेकीने नेवाशाला तहसील कचेरीत जायचं, दाखला काढायचा, अर्ज द्यायचा. मग बघू."

म्हणजे एकेकीने दिवसाची मजुरी बुडवायची, हात जोडत फिरायचं. बिघडवताना आम्ही सगळ्या एक. सुधारताना जिचं तिने.

क्लार्क बाहेर गेला. तसा साहेबाचा आवाज मऊ झाला. "हे बघ, तू या खोलीत कामाला आहेस. तुझं एकटीचं आत्ता करून देतो. बाकीच्यांना बोलू नको."

कॉम्प्युटरच्या काचेवर माझं नाव आलं. त्याचं बोट बटणावर होतं.

एक क्षण मला ते हवं वाटलं. मग पारूमावशी आठवली, टेबलापाशी परत वळून गेलेली. आणि किळस आली. पिंकदाणी धुतानासुद्धा तशी कधी आली नव्हती. माझंच होतं ते मला उपकार म्हणून देत होता, आणि बदल्यात माझं तोंड मागत होता.

"नको."

"काय नको?"

"माझं एकटीचं नको. करायचं तर सगळ्यांचं करा."

"मग बस तशीच."

कार्ड मी खाली ठेवलं. केरसुणीने ढकलत त्याच्या बुटाला लावलं. पिंकदाणी धुतली नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकावर वॉचमन तात्याने अडवलं. "कार्ड कुठंय?"

"घालणार न्हाई."

"मग आत सोडता येत न्हाई, पोरी."

बाकीच्या आत गेल्या. माझ्या जावेने कार्ड उलटं अडकवलं होतं, कोरी बाजू वर. पारूमावशी पदराखाली धरून गेली. त्यांच्यावर माझा राग नाही. सगळ्यांच्या घरी चूल आहे.

साहेब काय म्हणाला ते मी वस्तीत सांगितलं होतं. संध्याकाळी मावशी दारात येऊन बसली. "आमच्यापायी काम घालवलंस गं."

"तुमच्यापायी न्हाई, मावशी. मला ते गळ्यात नको."

आता मी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. जाताना रोज फाटकापाशी थांबते. साहेबाची स्कूटर आली की आडवी उभी राहते आणि म्हणते, "सगळ्यांचं. एकदम." तो हॉर्न वाजवतो. आवाज अजून कापतो माझा. कापू दे.

उलटं कार्ड मी घालणार नाही. एकटीचं सुलटंही घालणार नाही.