फेस न येणारी बाटली

"अगं, फेसच येत नाही याला! मळ काय नुसत्या धाकानं निघणार?"

"आई, झाडपाल्याचं तोंड धुवायचं औषध आहे ते, फेस यायचाच नाही. हळू चोळा नि धुऊन टाका, बास," सून न्हाणीच्या दाराबाहेरून म्हणाली.

सासूबाईंचं, म्हणजे कामावरच्या सगळ्यांच्या मावशीचं, उभं आयुष्य इस्पितळाच्या धुलाईघरात गेलेलं. चादर असो की चेहरा, धुण्याची पावडर एकच. तिनंच गालांवर चट्टे उठले होते. काल मुकादमानं बजावलं होतं, "चट्टेवाल्या माणसाला रोग्यांच्या कपड्यांना हात लावू देता येत नाही. उद्या गाल साफ दिसले नाहीत तर घरी बसा." म्हणून तर सुनेनं ही बाटली आणलेली.

पण फेसाशिवाय धुणं म्हणजे मिठाविना भाजी. मावशीनं कोनाड्यातला चिमूटभर धुण्याचा सोडा घेतला, त्या हिरव्या चिकट रसात कालवला. फेस आला! खूश होऊन ती खसाखसा चोळायला लागली, आणि गालांवर निखारे ठेवावेत तशी आग उठली.

"सोडा घातलात?" सुनेनं कपाळावर हात मारला. "चादर आहे का ती?"

"आता काय गं करू?"

"पाणी मारत राहा. नि सोड्याचा डबा आजपासून माझ्या ताब्यात."

कामावर पोचेपर्यंत तोंड पार लालबुंद झालं होतं. मुकादमाची फेरी सुरू झालेली. तेवढ्यात मावशीची नजर वाफेच्या इस्त्रीकडे गेली. तिथल्या बायांची तोंडं वाफेनं कायमची लाल.

"सरक, आज मी इथे उभी राहते."

"डोकं फिरलंय का? इथून सगळ्या पळायला बघतात!"

"सरक म्हटलं ना, बये!"

सोलवटलेल्या गालांवर वाफ आली तशी मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. दात आवळून ती उभी राहिली. मुकादम पुढ्यात येऊन थांबला. वाकून बघितलं.

"मावशी, चट्टे कुठायत?"

त्यानं इस्त्रीवरच्या बाकीच्या बायांकडेही नजर फिरवली.

"इथं सगळ्याच लाल दिसताय. यात शोधू काय, कप्पाळ? सोमवारी धुवायच्या बाजूला या, तिथं बघतो."

तो पुढे सरकला. सोमवारपर्यंत नुसती बाटली, फेसाचं नाव काढायचं नाही, असं मावशीनं मनाशी घोकलं. पण तोवर गाल निवतील का, कोण जाणे.

"अगं मावशे, झोपलीस काय? धर ते टोक!" इस्त्रीपलीकडची बाई ओरडली.

तिनं ओल्या चादरीचं टोक धरलं, झटकून ताणलं आणि इस्त्रीखाली सरकवलं.