यंत्रवाले सर आणि एकतीस नंबर

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून जेवढे मास्तर होऊन गेले असतील, त्या सगळ्यांत आडनावांच्या बाबतीत ठार अडाणी असा एकच माणूस होता, आणि तो आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. सगळे त्यांना यंत्रवाले सर म्हणायचे. मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या काठाला आमचं गाव. सर दौंडचे, वडील रेल्वेत. भर उन्हाळ्यातसुद्धा कानाला मफलर बांधून रोज मोपेडवर नदी ओलांडून यायचे. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून मी ‘मराठीवाले’. माझंही आडनाव त्यांनी वीस वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नाही. पोरांना तर ते नुसत्या हजेरीच्या नंबरानं ओळखायचे, आणि आठवीत चिकटलेला नंबर जन्मभर सुटायचा नाही. एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नाला आम्ही दोघं भांडगावला गेलो होतो. अक्षता पडल्या, आम्ही स्टेजवर चढलो, सरांनी नवरदेवाचा हात दोन्ही हातांत धरून मनापासून आशीर्वाद दिला, “सतरा नंबर, सुखी राहा.” नवरीकडची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आधीचे सोळा कोण, हे तिच्या मामाला समजावून सांगण्यात माझं जेवण गार झालं.

दुसरी खोड चार पर्यायांची. साधा सरळ प्रश्न या माणसाला कधी मानवलाच नाही. त्याच लग्नाहून येताना आम्ही हायवेवरच्या एका हॉटेलात बसलो. वेटरनं काय आणू म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, “चार पर्याय द्या.” तो म्हातारा वेटर वस्ताद होता. मिसळ, वडा, भजी, असं त्यानं बोटांवर मोजलं आणि थांबला. सर चौथ्या बोटाकडं बघत बसले. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “चौथा म्हंजी उठून जायाचं.” दुसरा कुणी असता तर भांडला असता. सरांना मात्र इतका आनंद झाला की त्यांनी दोन प्लेट मिसळ मागवली आणि घरी येईपर्यंत मला ऐकवलं, की खरा परीक्षक भेटला, चौथा पर्याय तोच पाहिजे, माणसाला उठून जायची मोकळीक पाहिजे. तेव्हापासून घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा ते चहा, कॉफी, सरबत असं विचारून वर “किंवा उठून जायचं” असं म्हणायचे. काही पाहुणे खरंच उठून गेले. वहिनींनी या सगळ्यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. भाजी काय, असं सरांनी विचारलं की त्या आतूनच सांगायच्या, भेंडी, भेंडी, भेंडी आणि भेंडी.

आता यंत्राकडं येतो. नव्वदच्या दशकात, कॉम्प्युटर आम्ही फक्त पेपरात बघत होतो तेव्हा, सरांनी एक लाकडी खोकं तयार केलं. त्यावर पंचवीस प्रश्न चिकटवलेले, प्रत्येक प्रश्नाखाली चार खिळे. वायरचं टोक बरोबर खिळ्याला टेकवलं की बल्ब पेटायचा आणि दाराची बेल वाजायची. पोरं त्या खोक्यापुढं मधल्या सुट्टीत रांग लावायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुकानं वायर हातात घेतली. एक खिळा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला, बल्ब काही पेटेना. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलंय. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. हेडमास्तर तर बिघडलंय, कालपासूनच बिघडलंय, असं म्हणून मोकळे झाले. सर म्हणाले, “यंत्र चांगलंय साहेब. प्रश्न परत वाचा.” त्या वर्षीचा तपासणीचा शेरा कसा आला असेल ते सांगायला नको.

दोन हजार सालाच्या आगेमागे कुणाच्या तरी निधीतून शाळेला एक खराखुरा कॉम्प्युटर आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले, वर झालर लावलेलं कापड पांघरलं आणि खोलीला कुलूप लावलं. आत जाताना चपला बाहेर. सहा महिने त्या यंत्रानं धूप-उदबत्तीशिवाय काही बघितलं नाही. शेवटी सर हेडमास्तरांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि किल्ली मिळेपर्यंत हललेच नाहीत. शाळा सुटली, शिपाई झाडून गेला, तरी हे उभे. किल्ली मिळाली. मग दोन महिने खपून त्यांनी पुस्तकात बघून बघून एक परीक्षा त्या पडद्यावर आणली. प्रश्नांची भाषा मी नीट करून दिली. परीक्षा नाव विचारायची नाही, फक्त नंबर. पोरानं एक ते चारमधलं बटण दाबायचं, उत्तर बरोबर असेल तर टूं असा आवाज, शेवटी नंबर आणि गुण. लाइटचा तर आमच्याकडं सगळा आनंद. त्यामुळं लाइट आली की शिपाई दोनदा घंटा द्यायचा, आणि गावातली माणसं मोटारी चालू करायला मळ्याकडं पळायची तशी पोरं कॉम्प्युटरकडं पळायची.

सरांचं वैर होतं ते तोंडी परीक्षेशी. “तोंडीत तोंड बघतात,” एवढंच म्हणायचे आणि मफलर आवळायचे. मराठीची तोंडी मी घ्यायचो, वीस गुणांची. कविता म्हणायची, दोन प्रश्नांना उत्तरं द्यायची. पोर ‘हाय’, ‘न्हाई’ म्हणालं की मी गुण कापायचो. मला वाटायचं, मी भाषा तपासतोय. एक दिवस सरांनी माझी तोंडीची यादी आणि त्यांच्या यंत्राची यादी माझ्यापुढं शेजारी शेजारी ठेवली. म्हणाले, “तुमच्या यादीतली वरची दहा पोरं आणि गावातली वरची दहा घरं एकच आहेत, मराठीवाले. शिपायाला विचारून आलोय.” मी जाम भडकलो. आठ दिवस बोललो नाही. खोटं असतं तर आठ दिवस कशाला लागले असते?

नवव्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं. ते स्वतः दहावीला असताना प्रात्यक्षिकात त्यांनी सर्किट जोडलं होतं. परीक्षकानं बल्बकडं बघितलंच नाही, पूर्ण नाव विचारलं. मग राहतोस कुठं, वडील काय करतात. तीसपैकी अकरा गुण दिले. शेजारच्या पोराचा बल्ब पेटला नव्हता, त्याला चोवीस. “माझा बल्ब पेटला होता,” सर म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, “पेटला होता, मराठीवाले.” चाळिशी उलटलेला माणूस दहावीतल्या बल्बची साक्ष काढत होता.

त्याच वर्षी तालुक्याहून पत्र आलं. उन्हाळ्यात पुण्याला महिनाभर कॉम्प्युटरचं शिबिर, राहणं-खाणं फुकट, प्रत्येक शाळेनं एकच मूल पाठवायचं. सरांनी सगळ्या नववीला यंत्रापुढं बसवलं आणि निकाल फळ्यावर लिहिला. एकतीस नंबर पहिला. एकतीस नंबर ही गावाबाहेरच्या वस्तीवरची मुलगी, आई खुरपायला जायची, स्वतः वर्गात कधी तोंड उघडायची नाही. माझ्या तोंडीत तिला वीसपैकी सहा होते. बारा नंबर म्हणजे संस्थेच्या चेअरमनचा नातू, तो निकालात खाली कुठंतरी. चेअरमनना सगळे आबा म्हणायचे. आबा दुसऱ्याच दिवशी शाळेत आले. त्यांनी त्या मुलीचं आडनाव घेतलं, कसं घेतलं ते मी इथं लिहीत नाही, आणि म्हणाले, “आपल्याच समाजातलं पोर पुढं काढायचं व्हय सर? ही काय परीक्षा न्हाई.”

सर म्हणाले, “आबा, तिचं आडनाव मला आत्ता तुमच्याकडून कळलं.”

मग आबांनी फर्मान काढलं की दोघांची तोंडी घ्या, आणि ती मराठीच्या सरांनी घ्यायची. सरांनी साफ सांगितलं, तोंडी होणार नाही, मला काढून टाकायचं तर टाका. यंत्र मैदानात आणतो, गाव गोळा करा, बारा आणि एकतीस, दोघांना सगळ्यांसमोर बसवा. गावासमोर म्हटल्यावर आबांनाही मागं सरता येईना. शनिवार ठरला.

आता माझं सांगतो. त्याआधीच्या रविवारी आबांनी मला घरी बोलावलं. पंचवीस प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं होती, भाषा मीच तपासली होती ना. आबा रागावले नाहीत, धमकी दिली नाही. संस्थेची दुसरी शाळा पार कवठे येमाईच्या बाजूला आहे, तिथं मराठीला माणूस नाही, एवढंच म्हणाले आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मी घाबरलो. खिशातून कागद काढला आणि लिहून दिलं. पहिल्याचं तीन, दुसऱ्याचं एक, तिसऱ्याचं चार, असं पंचविसापर्यंत. अक्षर माझं फार सुरेख होतं.

शनिवारी मैदानात टेबल मांडलं. लाइटचा भरवसा नव्हता म्हणून सरांनी कुठूनतरी इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरची बॅटरी पैदा केली होती. अर्धं गाव आलं होतं. बारा नंबर बसला. आठवडाभर पाठ केलेले आकडे पुटपुटत त्यानं पाढे म्हणावेत तशी बटणं दाबायला सुरुवात केली, पडद्याकडं बघायचंही नाही. टूं वाजेना. बऱ्याच वेळानं एकदा वाजलं, तेव्हा मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पंचवीसपैकी चार. सरांनी या वेळी प्रश्नांची उलथापालथ करून ठेवली होती, दर वेळी क्रम वेगळा. ते पोर रडवेलं झालं, आबांची मान खाली गेली आणि मी गर्दीत मागं सरकलो.

सरांना तिथंच थांबता आलं असतं. जिंकलेच होते. पण ते वाकून त्या पोराला म्हणाले, आता पाठ केलेलं सोडून दे, वाच आणि दाब. पोरानं डोळे पुसले आणि या वेळी वाचलं. टूं, टूं, मधे शांतता, परत टूं. सोळा गुण. सर गावाकडं वळून मोठ्यानं म्हणाले, “बारा नंबरला येतं. त्याच्या आड कुणीतरी आलं होतं.” मग एकतीस नंबर बसली. तिचा परकर खुर्चीत अडकला, तो सोडवून ती बसली, आणि यंत्र वाजायला लागलं ते थांबेचना. बायका पदर तोंडाला लावून टूं मोजत होत्या. तेवीस. तिची आई खुरपं हातात घेऊनच आली होती, तिनं शेजारणीला विचारलं की हे बरं झालं का वाईट. आबा उठले. मला वाटलं, आता संपलं. ते टेबलाजवळ आले, पडद्यावरचा आकडा चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, “आणा तो शिबिराचा कागद. बॅटरी उतरायच्या आत सही घ्या.”

मुलगी पुण्याला गेली. सरांनी पुढची सगळी नोकरी तशीच कुणापुढंही न वाकता केली, आणि निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात समोरच्या दीडशे माणसांना ‘उपस्थित सर्व नंबरहो’ म्हणाले. माझी बदली झाली नाही. तोंडीत मी त्यानंतर ‘हाय’, ‘न्हाई’ला गुण कापले नाहीत, पण त्यानं माझ्या अक्षरातला तो कागद काही पुसला जात नव्हता.

पुढं बऱ्याच वर्षांनी, मीही निवृत्त झाल्यावर, दौंडला त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली शाळेनं भंगारात काढलेला तोच कॉम्प्युटर, त्याच्यावर तेच झालरीचं कापड. वहिनी आता नव्हत्या. सर खूप वाळले होते, मफलर मात्र होता. एकतीस नंबरचा अजून फोन येतो, म्हणाले. मोठ्या कंपनीत आहे, साहेब झालीय, पण फोनवर नाव सांगत नाही. ‘सर, एकतीस नंबर बोलतेय,’ असंच म्हणते. हे ऐकून मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. तो रविवार, तो कागद, आईचे गुडघे.

सर ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, “माहीत होतं. सोमवारी तुम्ही माझ्याकडं न बघता नमस्कार केलात. तोंडावरच लिहिलं होतं.”

मी म्हणालो, “मग मला बोलला का नाहीत?”

“तोंड बघून निकाल लावायचा नाही हा माझाच नियम. म्हणून प्रश्नांचा क्रम बदलला आणि गप्प बसलो.”

नंतर बराच वेळ त्यांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर ज्या माणसानं कुणाचं तोंड बघून काही ठरवलं नाही, तो माझं तोंड बघत होता, आणि मी खाली बघत नव्हतो. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून त्यांनी विचारलं, चहा, कॉफी, का सरबत?

मी चौथ्याची वाट बघत बसलो. शेवटी धीर करून विचारलं, “आणि चौथा?”

“आज तीनच,” सर म्हणाले.