रिळाला जवसाचं तेल

समुद्रातले मासे धरायला बनवलेल्या, बोटीतून आलेल्या रिळाला मी घरच्या घाण्याचं जवसाचं तेल पाजलं. थेंबभर नाही, वाटीभर. आधी चिंचेने घासलं, मग राखेने घासलं, मग तेल पाजलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत ठेवून दिलं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. दिघोरीत सून होऊन दोन वर्षं झाली होती आणि जगात मला कळत नाही असं काही उरलेलं नव्हतं.

समोरच्या फळीवर शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती, माहेरून मशीन आलं तेव्हा सोबत आलेली. त्या तेलाचे चार थेंब घातले असते तर रीळ आजन्म सुखाने फिरलं असतं. पण ती कुपी विकतची, आणि आतलं तेल पाण्यासारखं पातळ. त्यात काय ताकद असणार! आमचं जवसाचं तेल कसं दाट, सोनेरी, आपल्या बांधीतलं, म्हणजे धानाच्या शेतातलं. धान निघालं की त्याच ओलीवर लाखोरी आणि जवस पेरतात आमच्याकडे. ज्या तेलावर माणसं पोसतात त्यावर यंत्र का पोसणार नाही, असा माझा शास्त्रीय विचार. जवसाचं तेल हवेने वाळतं, घट्ट होतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दाराच्या चौकटीला मी स्वतः ते लावत असे, वाळून कडक व्हावं म्हणूनच. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहत होत्या, पण त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

रीळ आणलं होतं माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे यांच्या मोठ्या भावाने. ते मालवाहू बोटींवर इंजिनाच्या खोलीत कामाला होते. लहानपणी दोघे भाऊ गावच्या बोडीवर, म्हणजे लहान तलावावर, बांबूची काठी आणि गळ घेऊन बसत, घरी मार खात, पुन्हा जाऊन बसत. म्हणून एका सुट्टीत त्यांनी स्वतःचं रीळ धाकट्याला दिलं. "पुढच्या दिवाळीले येतो, दोघं बसू पारीवर," म्हणाले. पारी म्हणजे तलावाचा बांध. रीळ म्हणजे गळाची दोरी गुंडाळायचं, मूठ असलेलं चाक; हे चांगलं नारळाएवढं, आरशासारखं पांढरं. मी ते घासता घासता खालून पिवळं दिसू लागलं तशी मी हरखले. सासूबाईंना ओरडून सांगितलं, की आतून पितळ निघालं! वरचा मुलामा मी चिंचेने आणि राखेने सोलून काढत होते आणि मला वाटत होतं, मळ निघतोय.

दिवाळीला भासरे आले. दोघे भाऊ रीळ घेऊन पारीवर गेले. मागे अर्धं गाव, कारण बोटीवरून आलेली वस्तू मासा कसा धरते ते पाहायचं होतं. ढिवरांची मंडळी जाळी सोडून येऊन उभी. यांनी मूठ धरली आणि फिरवली. मूठ जागची हलली नाही. भासऱ्यांनी घेतली, तीही हलली नाही. मग गर्दीतल्या पाच-सहा जणांनी एकेकदा जोर लावून पाहिला. शेवटी एक ढीवर म्हातारा जाळं उचलत म्हणाला, "राहू द्या गा, मासे वाट पाहून राह्यले."

घरी येऊन दोघे ओसरीवर समोरासमोर बसले. "सांभाळलं नाई का तू?" भासऱ्यांनी विचारलं. यांनी पुन्हा मूठ ओढून पाहिली. दाराआड मी. भासऱ्यांसमोर जायचं नाही, डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, आणि त्यांच्याशी बोलायचं तर मुळीच नाही, अशी तेव्हाची रीत. सांगायचंच असेल तर सासूबाईंना सांगायचं, त्या पुढे सांगणार. मी सासूबाईंना कुजबुजून सांगितलं, "समुद्राचं मीठ राह्यलं असन आत."

किती हुशार! कुणी विचारलं नव्हतं. नुसती उभी राहिले असते तरी चाललं असतं.

ते मीठ सासूबाईंच्या तोंडून ओसरीवर गेलं आणि यांनी झेललं. "म्हंजे वापरून सडवलं अन् मंग मले देल्लं होय का?" भासऱ्यांचा चेहरा मला फटीतून दिसला. ते म्हणाले, "मी सडकं देईन तुले?" मग आवाज चढले. भासरे दोन दिवस आधीच निघून गेले. त्यानंतर भावाभावांत भांडण नव्हतं, पण दोघे पारीवर कधी बसले नाहीत. लग्नाला यायचे, मौतीला यायचे, जेवायचे, निघायचे.

सासरच्या बाकीच्या रिती मला जाचक वाटत, आणि मी त्या एकेक करून मोडल्याही. भासऱ्यांशी न बोलण्याची रीत मात्र चाळीस वर्षं जिवापाड पाळली. गावात माझा दाखला देत. सून असावी तर अशी!

मागच्या वर्षी माझ्या जाऊबाई गेल्या. भासरे नागपूरला मुलाकडे एकटे पडले. यंदा त्यांचा फोन आला की दहा दिवस राहायला येतो. हे मला म्हणाले, "येतो म्हणते. येऊ दे," आणि असं दाखवलं की विशेष काही नाही. मग स्वतःच्या हाताने ओसरीवरची खाट तीनदा कसली.

मी पेटी उघडली.

रीळ त्या दिवाळीनंतर ठेवलं तसंच होतं, गच्च. गावात सल्ला देणारे पुष्कळ. ट्रॅक्टरचा मिस्त्री म्हणाला, आणा, हातोडी मारतो. वेल्डिंगवाला म्हणाला, गरम करतो. आमचे हे म्हणाले, "भंगारवाल्याले दे, कायले डोकं लावून राह्यली?" मी मात्र मोबाईलवर एक दाढीवाला गोरा शोधून काढला, जो दिवसभर जुनी रिळंच खोलत बसतो. त्याचं बोलणं कळत नव्हतं, पण हात कळत होते. चाळीस वर्षं शिलाई मशीन खोललं-जोडलं आहे, हातांची भाषा मला येते.

आधी डिझेलमध्ये दोन दिवस भिजत ठेवलं. काही नाही. माझं तेल साधंसुधं नव्हतं, आतल्या आत लाख होऊन बसलं होतं. मग रंगाऱ्याकडून थिनर आणलं, दाढीचा जुना ब्रश घेतला आणि स्क्रूंच्या डोक्यांभोवती रोज थोडं थोडं लावत गेले. चौथ्या दिवशी पहिला स्क्रू सुटला. निघालेला प्रत्येक भाग मी स्टीलच्या ताटात ओळीने मांडत होते आणि मोबाईलवर फोटो काढत होते, कारण जोडताना स्मरणशक्तीवर भरवसा ठेवायचं माझं वय नाही. तसं बाविसाव्या वर्षीही नव्हतं, पण तेव्हा हे कोण सांगणार?

झाकण निघालं. आत मोठं पितळी दातेरी चाक, त्याला चिकटून लहान चाक, आणि दातादातांत पिंगट काचेसारखं काहीतरी भरलेलं. नखाने खरवडून नाकाशी नेलं. जवसाची चटणी! चाळीस वर्षांनंतरही. मीठ कुठे नव्हतं, गंजाचा ठिपका नव्हता. त्या माणसाने रीळ धुऊन, पुसून, नव्यासारखं करून दिलं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. थोडं तरी मीठ सापडावं अशी माझी फार इच्छा होती.

पुढचं काम सोपं. मोठा मासा ओढू लागला तर दोरी तुटू नये, चाकाने जरा सरकावं, म्हणून आत चामड्याच्या चकत्या असतात. त्या पापडासारख्या झाल्या होत्या. यांच्या जुन्या पट्ट्यातून मी नव्या कापल्या. एक स्प्रिंग उडून तांदळाच्या सुपात पडली, ती शोधायला दुपार गेली. दातांना ग्रीस लावलं आणि आसाला मशीनच्या तेलाचे चार थेंब. अगदी चार, मोजून. मूठ फिरवली तशी आतून टिकटिक आली. ती ऐकून हे तंबाखूची डबी शोधायच्या निमित्ताने बाहेर आले, आणि डबी त्यांच्या हातातच होती.

भासरे आले. वाकलेले, एका हातात काठी. चहा झाल्यावर यांनी रीळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "पाह्य दादा, तुह्या समुद्राचं चाळीस सालाचं मीठ काढलं हिनं."

भासऱ्यांनी मूठ फिरवली, टिकटिक ऐकली. बराच वेळ फिरवत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "असन गा, लहान्या. तवा घाईत होतो. मीच धुतलो नसन."

"मंग! मी तवाच म्हनलो होतो," आमचे हे खूश होऊन म्हणाले.

झालं, मिटलं. दोघे भाऊ हसत होते, पारीवर जायचं बोलत होते. मला फक्त कप उचलून आत जायचं होतं. कप मी उचललेही. पण त्या माणसाने न केलेली चूक माझ्या ओसरीवर बसून कबूल केली होती. निरोप पोचवायला सासूबाई आता नव्हत्या, म्हणून मी ओसरीच्या खांबाला सांगायला सुरुवात केली, की मीठ नव्हतं म्हणावं.

"कोणाले सांगून राह्यली?" हे म्हणाले.

मग मी कप खाली ठेवले आणि खांबाकडे पाठ केली. "भाऊजी, मीठ नोयतं. जवसाचं तेल होतं. मी घातलं होतं, वाटीभर. घासलंही मीच. अन् मिठाचं मीच सांगितलं."

आधी तोंड फुटलं यांना. "वाटीभर? त्या साली घरात चटणीले तेल पुरत नोयतं!"

भासऱ्यांनी रीळ मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता काठी घेऊन उठतील. त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले,

"बाई, त्या मिठापायी मी तवापासून हर चीज तीन-तीन पाण्यानं धुतो. बोटीवर धुतलो, घरी धुतलो. बायको म्हणे, तुमाले धुण्याचं खूळ लागलं. मरेपर्यंत भांडली माह्यासंग. आता वर गेल्यावर तिले तूच सांगजो, मी नाई सांगत. पन घाई नको करू, आंधी ह्याच्यात दोरी भरून दे, आमाले पारीवर जायचं हाय."