प्रत्येक घरची एकच पोळी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एका सुरात सांगितलंत, "आजी, पोळ्याला आमच्या नावानं बैलाला एकेक पुरणपोळी चार." तुमची माया कळली, पण मी चारणार नाही. का, ते फोनवर सांगायला लागले की तुमचे आजोबा मागून बोलतात आणि विषय भलतीकडे जातो. पोळा तोंडावर आलाय, म्हणून आजच लिहिते.

बैलाच्या पोटाला गवत लागतं आणि तणस, म्हणजे आपल्या धानाचा पेंढा. तो ते सावकाश रवंथ करून पचवतो. त्यात एकदम भात, पुरण आणि गूळ ढकलला की सगळं आंबतं आणि पोट काम करायचं थांबतं. हे मी लग्न होऊन या गावात आल्यापासून सांगते आहे. मी शाळेतली बाई, म्हणून शेजारच्या काकूचं त्यावर ठरलेलं उत्तर असतं, "बाई, तुमी पोराइले इंग्रजी शिकवा. बैलाले काय चाराव ते आमाले मालूम हाय."

पूर्वी ते निभावून जायचं. घरोघरी बैलजोडी होती, पोळ्या वाटल्या जायच्या. आता गावात ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला कुंकू लावता येतं, पोळी चारता येत नाही. त्यामुळे साऱ्या गावाची भक्ती उरलेल्या चार-पाच जोड्यांच्या पोटात जाते, आणि आपला पांढऱ्या कपाळाचा बैल कोणालाच नाही म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याला, सगळ्या जोड्या ज्याखाली उभ्या करतात ते आंब्याच्या पानांचं तोरण तुटलं आणि बैल ओवाळून घ्यायला घरोघर निघाले. मी आजोबांना बजावलं होतं, "पोळी नुसती तोंडाला लावू द्या, चारू देऊ नका." ते हो म्हणाले. ते नेहमीच हो म्हणतात.

सकाळी गोठ्यात गेले तर गव्हाणीतलं तणस तसंच. पांढऱ्या कपाळाचा बैल मान कुशीकडे वळवून बसलेला, पोट एका अंगानं तट्ट, रवंथ बंद. मी आधी तालुक्याच्या गावाहून, सावलीहून, गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते येईपर्यंत काकूनं नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळून जाळल्या. बैलाला ठसका लागला, एवढाच त्याचा उपयोग.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काल काय खाल्लं यानं?"

अंगणात जमलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

"मी तं एकच पोळी देल्ली," काकू म्हणाली.

"मी बी एकच."

"आमच्या घरची तं अर्धीच होती. अर्धी पोरीनं खाल्ली."

गाव संपेपर्यंत एकच, एकच. गुन्हेगार कोणीच नाही.

"आणि घरी आल्यावर?" डॉक्टरांनी विचारलं.

आजोबा खुंट्याकडे पाहत म्हणाले, "थोडा भात."

"थोडा म्हणजे?"

"टोपलंभर. लोकाइच्या घरी जेवला आन् मालकाच्या घरी उपाशी झोपला, असं कसं चालन?"

मी तोंड उघडलं असतं तर डॉक्टरांना दोन रोगी तपासावे लागले असते.

त्यांनी सलाईन लावलं, सोड्याचं पाणी बांबूच्या नळकांड्यानं पाजलं आणि सांगितलं, "उद्यापर्यंत रवंथ सुरू झाला तर वाचला." आजोबा दिवसभर गोठ्यातून हलले नाहीत. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "हा गेला तं दुसऱ्याले बी विकून टाकीन. एका बैलानं का नांगर चालते?" त्यांना बोलायला माझ्याकडे केवढं साठलं होतं! पण तो चेहरा पाहून मी ताट गोठ्यातच नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते. गोठ्यातून आरोळी आली, "रवंथ करून राह्यला वो! रवंथ करून राह्यला!"

आरोळी गावभर गेली. आणि सगळ्यांत आधी कोण आलं? काकू. हातात ताटली, ताटलीत पोळी.

"आता काऊन आणली?" मी विचारलं.

"वाचला ना तो! आनंदाची हाय, बाई. एकच तं हाय."

मी ती पोळी उचलली आणि तिच्यासमोर उभ्यानं खाल्ली. बरी होती, वेलची जरा जास्त होती.

तेव्हापासून पोळ्याला मी स्वतः बैलांच्या पुढे चालते, काखेत हिरव्या गवताची टोपली घेऊन. पोळी बैलाच्या तोंडाला लागते, मग माझ्या डब्यात पडते, आणि बैलाला मूठभर गवत मिळतं. "बैलापरीस म्हातारीच जास्त जमा करून राह्यली," असं लोक म्हणतात. म्हणू देत. आजोबा मागून चालतात आणि मी वळले की खिशातला हात बाहेर काढतात. त्या खिशात काय असतं ते मला माहीत आहे.

यंदा तुमच्या नावानं दोन मुठी गवत चारीन, पोळी नाही. बैल आता म्हातारा झाला आहे, धानाच्या चिखलणीला अर्धा दिवसच चालतो. पण जोडी अजून आहे, आणि आज सकाळी गव्हाण चाटूनपुसून रिकामी होती.