चालवण्यास अयोग्य

ब्रेक दाबला तर पाय पार तळाला गेला. दोनदा पंप केल्यावर गाडी कशीबशी थांबली. मी तिथल्या तिथं पाहणीच्या पुस्तकात लिहिलं, "ब्रेक निकामी. गाडी चालवण्यास अयोग्य," आणि खाली सही केली. तेव्हा मी फौजेत नाईक होतो. डोंगरातल्या एका तुकडीत रसदीचे ट्रक चालवायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी रांगेत उभी. स्टिअरिंगवर माझा दोस्त. तो कंधारजवळचा, मी उदगीरकडचा. पण तिकडं इतक्या लांब आम्ही एकाच गल्लीतले असल्यासारखे राहायचो.

मी खिडकीशी गेलो. "उतर खाली. कालच मी हिला नापास केलंय."

"गाड्यांच्या साहेबानं नवा कागद दाखवला ना. दुरुस्त झाली म्हणं."

"कोण केली? मेकॅनिक तर सुट्टीवर हाय."

"एवढी खेप मारून येतो," तो हसला. "तू चहा सांगून ठेव."

उतारावरच्या एका वळणावर गाडी खाली गेली. तो जागीच गेला.

त्याच दुपारी मी पाहणीचं पुस्तक उघडलं. माझं पान नव्हतं. त्या जागी दुसरं पान होतं, 'गाडी ठीक', खाली साहेबांची सही. पण पान फाडणाऱ्याला खालची कार्बन प्रत आठवली नव्हती. ती मी काढून खिशात घातली. फौजेचा कागद असा घेणं हा गुन्हा असतो, हे मला ठाऊक होतं.

चौकशी बसली. मी ब्रेकचं सांगायला लागलो तसा लिहिणाऱ्याचा पेन थांबला. "विचारलं तेवढंच सांग," असं मला बजावण्यात आलं. निकाल लागला: चालकाचा निष्काळजीपणा.

मी रीतसर अर्ज केला, प्रॉपर चॅनलनं. पहिला अर्ज नमुना चुकला म्हणून परत आला. नमुन्यात लिहिला, त्याचं उत्तरच आलं नाही. येणार तरी कसं? प्रत्येक अर्ज ज्या टेबलावरून वर जायचा, त्या टेबलामागं तेच साहेब बसलेले.

सुट्टी मिळाली तसा मी आधी कंधारला त्याच्या घरी गेलो. त्याची आई उंबऱ्यात बसली होती. बहीण अर्धापूरकडं सरकारी दवाखान्यात नर्स. मी येणार म्हणून तीही आली होती. तिनं निकालाचा कागद माझ्यापुढं ठेवला.

"दादा, तुम्ही तिथं होता का?"

"होतो."

"हे लिहिलंय ते खरं हाय?"

"न्हाई."

"मग कुणाला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं. वर अर्ज दिलाय."

"वर म्हंजे कुणाकडं?"

"ज्यानं गाडी काढायला लावली त्याच्याकडं."

हे बोललो आणि माझीच मला लाज वाटली. आई म्हणाली, "गावात लोक म्हणायलेत, पिऊन चालवीत असंल. माझ्या लेकरानं कधी थेंब घेतला न्हाई रे."

बहिणीनं फौजेच्या प्रकरणांसाठी असलेल्या न्यायाधिकरणात दाद मागितली होती. वकिलाला एका माणसाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, जो तिथं होता आणि जो बोलेल.

उदगीरला माझे मामा राहतात, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यामुळंच मी भरती झालो. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाच्या, चॅनल सोडू नको. ज्याला त्याला तक्रार बाहेर न्यायची मुभा दिली, तर उद्या गोळीबारात हुकूम कोण ऐकंल?"

"गोळीबारात मी ऐकलाय मामा, पुढंबी ऐकंन. हा ब्रेक हाय. आन् मी पेपरवाल्याकडं चाललो न्हाई. न्यायाधिकरण कायद्यानंच दिलंय."

"परवानगी मागितली का?"

"कुणाला मागू? त्यालाच?"

मामांनी सुपारी कातरायला घेतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मीबी एकदा असंच न बघता 'ठीक' लिहिलं होतं. त्या गाडीला काही झालं न्हाई, एवढंच."

जा असं ते म्हणाले नाहीत. मी गेलो. नांदेडला वकिलाच्या टेबलावर कार्बन प्रत ठेवली आणि प्रतिज्ञापत्रावर सही केली. एका बातमीदाराचा फोन आला होता. तुकडी कुठं आहे, काय करते, यातलं अवाक्षर मी त्याला सांगितलं नाही.

परत गेलो तेव्हा आरोपपत्र तयार होतं. तुकडीच्या मोठ्या साहेबांपुढं उभं केलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, "चूक मान्य कर, हलक्यात सोडतो."

"कागद बाहेर नेला, परवानगीशिवाय सही केली, हे मान्य आहे साहेब. कागदावर लिहिलेलं खोटं होतं, असं मात्र लिहून देणार नाही."

"पश्चात्ताप?"

"नाही साहेब."

दंडावरच्या फिती गेल्या. उरलेली नोकरी मी साधा शिपाई म्हणून केली. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं मला हुकूम द्यायची आणि मी 'जी' म्हणायचो. नियम मोडला, पण शिस्त मी कधीच मोडली नव्हती. आजही तसंच म्हणतो.

निकाल यायला फार काळ गेला. 'चालकाचा निष्काळजीपणा' हे शब्द काढून टाकावेत, असा आदेश झाला. बहिणीनं फोनवर तो मला वाचून दाखवला, मग आईला मराठीत समजावला. आई म्हणाली, "हे चावडीवर वाचून दाखव." बहिणीनं दाखवला. 'गाडी ठीक' लिहिणाऱ्या त्या साहेबांना काय झालं? बदली. पुढं बढतीही मिळाली, असं ऐकलं.

मी आता लातूरला असतो. माजी सैनिकांच्या बैठकीत काही जण माझा राम राम घेत नाहीत. मागच्या कार्यक्रमात मी पुढच्या रांगेत बसलो, तर एक जण जवळ येऊन हळूच म्हणाला, "ही रांग हुद्देवाल्यांची हाय."

"बसा की मग," मी म्हणालो, "शेजारची खुर्ची रिकामी हाय."

कार्यक्रम संपेपर्यंत मी तिथंच बसून होतो.