झाकणांची रांग

सूतगिरणी निघाली तसे आम्ही आसपासच्या खेड्यांतून मारित्सा नदीच्या काठच्या या शहरात आलो. सरकारनं आठ मजल्यांची इमारत दिली, नळाला पाणी दिलं, मागच्या अंगाला गुलाबाचे ताटवे लावून दिले. पण सप्टेंबर उजाडला की माणसं शहर विसरायची नि गुलाबांशेजारी चुली मांडायची. इमारतीच्या समितीचा चिटणीस पहिल्या वर्षी ओरडत आला, धुरानं भिंतीवरची घोषणा काळी पडते म्हणून. दुसऱ्या वर्षी तो स्वतःच मिरच्यांची पोती घेऊन आला. गुलाब कधी मेले ते कुणाच्या ध्यानातही नाही.

त्यातली पहिली चूल योव्काची. गिरणीत ती रिळं भरायच्या खात्यात होती. हात असा चालायचा की तिचा फोटो फाटकावर लागला होता. फोटोचं तिला काही कौतुक नव्हतं. "त्यात म्या हडळीवानी दिसतीया," म्हणायची. तिचा तोरा एकाच गोष्टीचा: ल्युतेनित्साचा. लाल गोड मिरच्या चुलीवर भाजायच्या, सोलायच्या नि टोमॅटोबरोबर आटवून त्यांची घट्ट चटणी करायची. हिवाळाभर पावावर तीच. कढईत लाकडी फळी ओढली की तळाला वाट दिसली पाहिजे, नि ती वाट लगेच बुजता कामा नये. तेव्हा झाली.

माणसाची पारखसुद्धा ती त्याच्या तळघरातल्या बरण्यांवरून करायची. तिसऱ्या मजल्यावर त्सोना नावाची बाई राहायला आली, तेव्हा योव्का तिचं तळघर बघून आली नि जिन्यातच म्हणाली, "बाई बरी हाय, पर बरण्या फिक्या हैत." ते त्सोनापर्यंत पोचायला जिना चढायचाच अवकाश होता. तेव्हापासून दोघींचं बोलणं फक्त वाकड्यात.

त्या वर्षी योव्काचा पोरगा डोंगरातल्या ठाण्यावर पलटणीत होता. त्याला नि त्याच्या दोस्तांना बरण्या पाठवायच्या म्हणून तिनं दरसालच्या दुप्पट मिरच्या भाजल्या. मिरच्या आल्या, टोमॅटो आले, बरण्या उकळून पालथ्या घातल्या. आलं नाही ते एकच, झाकणं. पत्र्याची झाकणं ती. हातयंत्रानं बरणीवर एकदा दाबली की दाबली, उघडल्यावर वाकडी होतात, फेकायचीच. ऐन हंगामात ती बाजारातून गायब. नवरा स्तामेन ट्रक चालवायचा. "झाकनांचं माझ्याकडं लागलं, दोस्त हाय कारखान्यात," असं सांगून तो जो गेला, त्याचा पत्ता नव्हता. आणि कढईत तर वाट दिसायला लागलेली. उद्यापर्यंत झाकणं नाही मिळाली, तर सगळं आंबून जाणार.

मी तळमजल्यावरचा, बाहेर विडी ओढत उभा. तिनं फळी माझ्या हातात कोंबली.

"पेन्चो भावा, हलवत ऱ्हा. खाली लागू दिलंस तर तुलाच ह्यात शिजवीन."

"आन तू कुटं निघालीस?"

"झाकनं बघाया. नवऱ्याच्या भरवशावर बसले तर पोराला रिकामी बरनी धाडावी लागंल."

म्होरचं तिनंच मागनं सांगितलं. चौकातल्या लोखंडी सामानाच्या दुकानापुढं ही रांग. योव्का तशीच, लाल डागांच्या ओच्यासकट, शेवटाला जाऊन उभी राहिली. रांग दिसली की आधी उभं राहायचं नि मग विचारायचं, ही आमची रीत.

"आजोबा, काय देत्यात?" तिनं पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"मला काय ठावं? रांग लांब हाय म्हंजी माल चांगलाच आसंल."

"झाकनंच आसनार, ह्या दिवसांत दुसरं काय?" मागची बाई म्हणाली.

"म्होरं कोन तरी टायर म्हनतंय."

"टायर तर टायर!" म्हातारा म्हणाला. "आदी टायर घिऊन ठिवतो. गाडीला नंबर लावलाय, नातू म्हातारा हुस्तवर मिळंलच की."

योव्काचा नंबर आला तेव्हा दुकानदारणीनं तिच्यापुढं खोकं आपटलं. मिरच्या भाजायची विजेची शेगडी!

"झाकनं?" योव्कानं विचारलं.

"झाकनं कालच संपली. घेतीस का सरकतीस?"

याच शेगडीला योव्का आजवर हसत आली होती. "त्यात मिरची भाजत न्हाई, तिला निस्ता ताप येतो," म्हणायची. पण रांगेत उभं राहून हात हलवत घरी जायचं म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी येणं. घेतली.

खोकं घेऊन ती परतली तेव्हा माझे दंड भरून आले होते. हसू आवरेना ते वेगळंच. वर गॅलरीत त्सोना.

"आगं बया! योव्का, तू आन इजेची शेगडी?"

"हस, हस. तुझं दात तरी दिसूंद्यात."

त्सोना हसायची थांबली. धडाधडा जिना उतरून खाली आली नि खोक्यावर हात ठेवला. "मला दे. तीन सालं झाली हिच्यापायी फिरतीया."

"आन म्या काय करू? बरन्यास्नी लोकरीच्या टोप्या इनू?"

"झाकनं हैत माझ्याकडं. हिवाळ्यात कोन इचारत न्हाई तवाच घिऊन पलंगाखाली टाकली."

योव्का बघतच राहिली. "सकाळपासनं वरनं माझा तमाशा बगत हुतीस, भवाने?"

"तू कुटं इचारलंस?" त्सोना म्हणाली. "देते. पर शेगडी एकटी पुरनार न्हाई. माझ्या बरन्यांबद्दल बोललीस ते मागं घे. हितंच, पेन्चोच्या म्होरं."

योव्कानं कढईकडं बघितलं, बरण्यांकडं बघितलं. चूल तडतडत होती.

"बरं," ती म्हणाली. "फिक्या न्हाईत."

"मंग?"

"जरा अशक्त हैत."

त्सोना आधी लालबुंद झाली, मग फिसकन हसली नि झाकणं आणायला वर गेली. मग एकीनं भरायचं, दुसरीनं यंत्राचा दांडा दाबायचा. बरण्या पिंपात चिंध्या घालून रचल्या, पाणी सोडलं, नि हिवाळाभर टिकाव्यात म्हणून उकळायला खाली जाळ केला. उन्हं कलली तेव्हा एकूण एक बरणी पिंपात होती, नि दोघी पालथ्या बादल्यांवर बसून चिटणिसाच्या बरण्यांना नावं ठेवत होत्या.

तेवढ्यात ट्रक आला. स्तामेन पाठीवर पोतं घेऊन उतरला.

"योव्के! झाकनं! बोललो हुतो का न्हाई?"

आता पिंप ह्याच्या डोक्यावर पालथं होतंय, म्हणून मी दोन पावलं मागं सरलो. पण योव्का उठली, पोत्यात हात घालून झाकणं खुळखुळवली नि म्हणाली, "ने वर. पलंगाखाली सार."

"पलंगाखाली कशाला?"

"त्सोनाची संपली न्हवं. म्होरल्या साली येईल मागाया. तवा तिच्याकडनं वदवून घ्यायचं, शेगडीत मिरचीला निस्ता ताप येतो."

"वाट बघ," त्सोना म्हणाली.

मी कढईकडं वळलो. तळाची चटणी पुसून खायला ती माझ्या वाट्याला आली होती, नि हातात ताजा पाव होता.